दारातली गाडी आणि वहीतला हिशोब



कोणतं वाण पेरावं, खताची मात्रा किती द्यावी, बोंडअळी दिसली तर काय करावं, हे सांगत गेली तीस वर्षं मी बांधाबांधानं हिंडतो आहे. आज मात्र पिकाविषयी बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते दारात उभ्या राहणाऱ्या चारचाकीविषयी. कामाच्या ट्रॅक्टरविषयी नाही, मालाच्या टेम्पोविषयीही नाही. देवदर्शनाला, लग्नाकार्याला, लेकीबाळींना आणायला-सोडायला आणि खरं सांगायचं तर चार माणसांत मिरवायला आपण जी गाडी घेतो, त्या हौसेच्या गाडीविषयी.

तुम्ही म्हणाल, साहेब, आमची हौस तुमच्या डोळ्यांत कामून सलते? सलत नाही. मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे आणि ही हौस माझ्या रक्तातही आहे. तिची किंमत मी एकदा मोजली आहे, म्हणून चार शब्द सांगावेसे वाटतात.

आमचं गाव जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात. मी लहान असताना आमच्या घरी दमणी होती. हल्लीच्या पोरांनी दमणी पाहिलेली नसेल. माणसं बसायची हलकी बैलगाडी ती. नवरात्रात अंबडला मत्स्योदरी देवीची यात्रा भरली की आबा दमणी धुऊन काढायचे, चाकांना वंगण घालायचे, बैलांच्या शिंगांना रंग द्यायचे. खाली कडबा, वर गोधडी आणि त्यावर आम्ही भावंडं. माय दशम्यांचं गाठोडं घेऊन बसायची. त्या दमणीत बसून यात्रेला जाण्यात जे सुख होतं, ते मला पुढं कुठल्याच गाडीत मिळालं नाही.

पण एक गोष्ट तेव्हा कळली नव्हती, ती आज कळते. यात्रेला दमणी ओढणारे बैल उरलेलं वर्ष औत ओढत होते. त्यांचा कडबा आमच्याच रानात पिकत होता आणि त्यांचं शेण आमच्याच उकिरड्यात पडत होतं. हौसेचा असा वेगळा खर्च जवळजवळ नव्हताच. चारचाकीचं तसं नाही. ती औत ओढत नाही, शेण देत नाही आणि गोठ्यात उभी असली तरी खाते. ती काय आणि किती खाते, ते पुढं सांगतो.

आधी माझी फजिती ऐका.

परभणीच्या कृषी विद्यापीठातून १९९३ साली मी बी.एस्सी. झालो. उत्पादन खर्च कसा काढायचा, घसारा कसा धरायचा, हे परीक्षेत लिहून गुण मिळवले. नोकरीत लागल्यावर गावोगावच्या मेळाव्यांत फळ्यावर हिशोब मांडून शेतकऱ्यांना शहाणपण सांगितलं. आणि २०११ साली एका दलालाच्या नादी लागून मी एक लाख ऐंशी हजारांना जुनी डिझेल जीप घेतली. त्या वेळी कागदावर एक ओळसुद्धा लिहिली नाही.

निमित्त आबांचं होतं. आबांना गाणगापूरला जायचं होतं. गुडघे गेले होते, एसटीची पायरी चढवत नव्हती. मी म्हटलं, "आबा, आता आपलीच गाडी. म्हणाल त्या दिवशी निघू." आबा खूश झाले. जीप आली तेव्हा त्यांनी स्वतः नारळ फोडला.

पण त्या वर्षी ते पैसे खरं तर दुसऱ्या कामासाठी ठेवले होते. आमची साडेतीनशे झाडांची मोसंबीची बाग होती. तिला ठिबक बसवायचं ठरलं होतं. मी भावाला म्हटलं, ठिबक पुढच्या वर्षी बसवू, विहिरीला पाणी आहे. दुसऱ्याच्या बांधावर उभं राहून "ठिबक करा, ठिबक करा" म्हणणारा माणूस आपल्या बागेला पाटानं पाणी देत होता.

पुढचं वर्ष २०१२. त्या वर्षी पावसानं दगा दिला आणि २०१३ चा उन्हाळा आमच्या जिल्ह्यानं कसा काढला, हे जालन्याच्या माणसाला सांगायला नको. विहिरी कोरड्या पडल्या, मोसंबीच्या बागाच्या बागा सरपणाला गेल्या. आम्ही टँकर लावले, पण पाटानं देऊन ते पाणी किती झाडांना पुरणार? साडेतीनशेपैकी साठ झाडं वाचली. भाऊ कुऱ्हाड घेऊन बागेत गेला, तेव्हा मी ऑफिसला निघून गेलो. मला तिथं उभं राहवलं नाही.

आणि जीप? आधी क्लच गेला. मग बॅटरी, मग टायर. विम्याची मुदत संपली, ती भरायला दोन महिने लागले. नोंदणीची पंधरा वर्षं भरत आली होती, तिच्या नूतनीकरणासाठी आरटीओच्या खेपा झाल्या. पैसा होता तेव्हा मला रजा नव्हती आणि रजा मिळाली तेव्हा गाडी मेस्त्रीकडं होती. तीन वर्षांत ती एकूण चार हजार शंभर किलोमीटर चालली. दुरुस्ती, टायर, विमा धरून वर आणखी सत्तर हजार लागले आणि शेवटी ती बेचाळीस हजारांना भंगारात दिली. म्हणजे निव्वळ दोन लाख आठ हजार गेले. किलोमीटरमागे पन्नास रुपये झाले, डिझेल वेगळं.

आबा २०१४ च्या भाद्रपदात गेले. गाणगापूर राहिलं ते राहिलंच. तीन वर्षं गाडी दारात उभी होती, पण डिझेलला पैसा आणि मला सवड, या दोन गोष्टी एका दिवशी कधी जमल्या नाहीत. त्या पैशातल्या वीस हजारांत भाड्याची गाडी करून आबांना मी चार दिवसांत गाणगापूर दाखवून आणू शकलो असतो. हे मला तेव्हा सुचलं नाही. आपली गाडी असताना भाड्याची कशाला, या हट्टात राहिलो.

आता २०२२ सालाकडं येऊ.

त्या हंगामात कापसाला कधी नव्हे तो भाव आला. लांब धाग्याचा हमीभाव ६,०२५ रुपये असताना बाजारात क्विंटलला दहा हजारांच्या वर दर गेला. आमच्या घरचा ऐंशी क्विंटल कापूस विकला गेला. खत, बियाणं, वेचणी सगळं जाऊन चार लाख हातात राहिले. पुतण्या चोवीस वर्षांचा. संध्याकाळी ओट्यावर येऊन म्हणाला, "काका, आता सात माणसांची नवी गाडी घ्यायची. चार लाख आपले, दहा लाख कर्ज. गावात दहा गाड्या झाल्या, आपल्याच दारात नाही."

मी एकदम नाही म्हटलं नाही. तरुण पोराला नुसतं नाही म्हटलं की ते दुसऱ्या दिवशी नोंदणी करून येतं. मी म्हटलं, "घेऊ. आधी वही आण." मग कंदिलाच्या जमान्यात आबा बाजारहाटाचा हिशोब मांडायचे तसे आम्ही तिघं बसलो, मी, भाऊ आणि पुतण्या. तो हिशोब जसाच्या तसा तुमच्यापुढं ठेवतो.

पहिली गोष्ट, गाडीची जाहिरातीतली किंमत वेगळी आणि रस्त्यावर येईपर्यंतची वेगळी. शोरूमची किंमत धरली साडेअकरा लाख. गाडी डिझेलची आणि दहा ते वीस लाखांच्या गटातली, म्हणून आपल्या राज्याचा एकरकमी वाहन कर शेकडा १४, म्हणजे एक लाख एकसष्ट हजार. विमा एकसष्ट हजार, कारण २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या मोटारीला तृतीय पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा भरावा लागतो. नोंदणी, नंबरप्लेट, फास्टॅग मिळून आठ हजार. सीटकव्हर, पायपोस वगैरे सजावट वीस हजार. बेरीज झाली चौदा लाख. साडेअकराची गाडी चौदाला पडली. पुतण्या म्हणाला, "शोरूमवाल्यानं हे सांगितलंच नाही." मी म्हटलं, "सांगतात रे, पण गाडीत बसवून फिरवून आणल्यावर सांगतात."

दुसरी गोष्ट, कर्ज. दहा लाख, साडेनऊ टक्के, पाच वर्षं. महिन्याचा हप्ता २१,००२ रुपये. पाच वर्षांत बँकेला जाणार बारा लाख साठ हजार, म्हणजे नुसतं व्याज दोन लाख साठ हजार. वर्षाला बावन्न हजार.

तिसरी गोष्ट, घसारा. ही कुणी मोजत नाही, कारण ती खिशातून रोज जाताना दिसत नाही. विमा कंपन्या गाडीची किंमत धरताना एक तक्ता वापरतात. सहा महिन्यांत शेकडा ५ घट, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षात २०, तिसऱ्यात ३०, चौथ्यात ४० आणि पाचव्यात ५०. म्हणजे कर्जाचा शेवटचा हप्ता भरताना आपली साडेअकराची गाडी पावणेसहा लाखांची राहणार. कर आणि सजावट तर परत येतच नाही. चौदा लाखांतून पावणेसहा वजा केले तर सव्वाआठ लाख. वर्षाला एक लाख पासष्ट हजार.

चौथी गोष्ट, दरवर्षीचा खर्च. पुढच्या वर्षांचा विमा सरासरी वीस हजार. ऑइल, सर्व्हिसिंग, दुरुस्ती चौदा हजार. पाच वर्षांत टायरचा एक जोड लागतोच, त्याचे वर्षाला सहा हजार. टोल, पार्किंग, धुणं आठ हजार. गाडी महिन्याला पाचशे, वर्षाला सहा हजार किलोमीटर चालेल असं धरलं. लिटरला बारा किलोमीटर आणि शहाण्णव रुपये भाव, तर डिझेल अठ्ठेचाळीस हजार.

सगळ्याची बेरीज आली तीन लाख तेरा हजार रुपये, दर वर्षाला. सहा हजार किलोमीटरनं भागलं तर किलोमीटरला बावन्न रुपये. आणि घसारा, व्याज, विमा एवढंच धरलं, म्हणजे गाडी दारातून हललीच नाही, तरी रोजचे साडेसहाशे रुपये.

भाऊ इतका वेळ गप्प होता. तो एकच बोलला, "साडेसहाशे? एवढ्यात दोन बाया खुरपायला येतात."

मग मी तेच कापसात मोजून दाखवलं. तीन लाख तेरा हजार म्हणजे दहा हजारांच्या भावानं एकतीस क्विंटल कापूस. पण भाव हमीभावावर आला तर बावन्न क्विंटल. हप्ता भावाप्रमाणे कमी होत नाही.

तालुक्याला तेव्हा सात माणसांची भाड्याची गाडी किलोमीटरला सोळा रुपयांनी मिळत होती. सहा हजार किलोमीटरचे शहाण्णव हजार, वर्षात तीस दिवस ड्रायव्हरचा भत्ता पाचशेप्रमाणे पंधरा हजार. एकूण एक लाख अकरा हजार. म्हणजे वर्षाला दोन लाखांचा फरक. नवी गाडी भाड्याच्या गाडीइतकी स्वस्त पडायची तर ती वर्षाला सुमारे चाळीस हजार किलोमीटर चालली पाहिजे. रोज एकशे दहा किलोमीटर. शेतकरी रोज एकशे दहा किलोमीटर फिरायला लागला तर शेत कोण पाहणार?

पुतण्या हुशार. म्हणाला, "काका, आपणच लग्नसराईत भाडं मारू. गाडी आपला खर्च काढेल." हा विचार पुष्कळांच्या मनात येतो, म्हणून सांगतो. पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी भाड्यानं चालवता येत नाही. त्याला पिवळी प्लेट, परवाना आणि वेगळा विमा लागतो. खासगी गाडीत भाड्याची माणसं असताना अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. मग नुकसानभरपाई मालकाच्या अंगावर आणि मालकाकडं विकायला जमिनीशिवाय दुसरं असतं काय?

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट शेवटी. आपलं उत्पन्न वर्षातून दोनदा येतं, हप्ता बारा वेळा येतो. नोकरदाराचा पगार आणि हप्ता एकाच तारखेला भेटतात, आपले भेटत नाहीत. मग जूनमध्ये पेरणीला ठेवलेला पैसा हप्त्यात जातो. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर आपल्या राज्यात शून्य टक्के व्याज पडतं. गाडीचा हप्ता भरता भरता ते थकलं की ती सवलत गेली. बिनव्याजी पैसा गमावून व्याजाचा पैसा जपायचा, असा तो व्यवहार होतो.

वही मिटली. पुतण्याचा चेहरा उतरला होता. मला वाईट वाटलं. तेवढ्यात घरातून त्याची आई म्हणाली, "भावजी, तुमचा हिशोब खरा असंल. पण रात्री पोरगं तापानं फणफणलं तर काय वही छातीशी धरू?"

हा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. १०८ ची रुग्णवाहिका आहे, शेजाऱ्याची गाडी आहे, पण आपलं माणूस तळमळत असताना वाट पाहणं फार कठीण. स्वतःच्या गाडीनं जो धीर येतो तो बेरजेत धरता येत नाही. मी वहिनींना एवढंच म्हटलं, "गाडी नको असं मी म्हणत नाही. चौदा लाखांची नको आणि पहिली नको. आधी बागेचं पाणी."

तसंच झालं. वाचलेल्या साठ झाडांभोवती भावानं पुन्हा मोसंबी लावली होती. तिला ठिबक बसवलं. अल्प आणि अत्यल्प भूधारकांना तेव्हा केंद्र आणि राज्य मिळून ८० टक्के, इतरांना ७५ टक्के अनुदान होतं. शेततळ्याला प्लास्टिकचं अस्तर टाकलं. चार लाखांतून हे सगळं होऊन पैसे उरले. त्यातून मी एक काम लगेच केलं. भाड्याची गाडी ठरवली, मायला पुढच्या सीटवर बसवलं आणि तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर असं चार दिवसांत करून आलो. सुमारे नऊशे किलोमीटर झाले. भाडं, भत्ता, टोल आणि कर्नाटकचा परवाना मिळून सतरा हजार लागले. गाणगापूरला संगमावर माय बराच वेळ पाण्याकडं पाहत बसली. म्हणाली, "त्यांचं राहून गेलं बघ." मी काही बोललो नाही. बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

पुढच्या हंगामात कापसाचा भाव दहा हजारांवर राहिला नाही. पुन्हा तेवढा भाव येईल म्हणून लोकांनी कापूस घरात साठवला आणि शेवटी सात-आठ हजारांना घातला. २०२३ साली पाऊसही कमी पडला. ऑक्टोबरच्या अखेरीस शासनानं ज्या चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत जालना जिल्ह्यातलेही तालुके होते. त्या उन्हाळ्यात आमची बाग शेततळ्याच्या पाण्यावर आणि ठिबकवर तगली. पुतण्या एक दिवस बागेत उभा राहून म्हणाला, "काका, या वेळी हप्ता असता तर?" मी म्हटलं, "तर तू बागेत नसतास, बँकेत असतास."

आता आमच्या दारात गाडी आहे. यंदा मोसंबीच्या पैशातून पुतण्यानं नऊ वर्षांची जुनी, पाच माणसांची पेट्रोल गाडी दोन लाख दहा हजारांना रोख घेतली. घसारा, विमा, दुरुस्ती, पेट्रोल मिळून वर्षाला ऐंशी हजारांच्या आसपास खर्च येईल असा त्याचाच हिशोब आहे. वहिनींची रात्रीची काळजी मिटली. सात माणसांना जायचं असलं की भाड्याची गाडी करतो. माय पंचाहत्तरीच्या पुढं आहे, एसटी तिला फुकट आहे. बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे. अंबडला जायचं तर घरातल्या बाया गाडी काढूच देत नाहीत.

जुनी गाडी घेताना माझ्यासारखी फसगत होऊ देऊ नका. ओळखीचा मेस्त्री बरोबर न्या आणि गाडी सकाळी थंड इंजिनावर सुरू करून बघा. नोंदणीची किती वर्षं शिल्लक आहेत, पुस्तकावर बँकेचा बोजा आहे का, दंडाची चलनं थकली आहेत का, हे आधी तपासा. गाडी नावावर करायचा अर्ज तीस दिवसांत आणि विमा नावावर करायचा अर्ज चौदा दिवसांत द्या. नुसत्या नोटरीच्या कागदावर गाडी वापरू नका.

नवी घ्यायची असेल तरी घ्या. पण आधी तीन गोष्टी बघा. पीक कर्ज मुदतीत फिटलेलं आहे का? बागेची, विहिरीची, पोरांच्या शिक्षणाची निकड भागली आहे का? आणि एक पूर्ण वर्ष दर महिन्याला हप्त्याएवढी रक्कम बाजूला टाकता येते का? वर्षभर ती टाकून पाहा. जमली तर गाडी पेलेल आणि तेवढं कर्जही कमी लागेल. नाही जमली तर पैसे तुमचेच आहेत, बँक घरी येणार नाही.

आणखी एक सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सरकारनं ट्रॅक्टरवरचा जीएसटी ५ टक्क्यांवर आणला आणि मोठ्या मोटारींवरचा ४० टक्के ठेवला. कामाची गाडी आणि हौसेची गाडी यांतला फरक सरकारनंसुद्धा असा मोजला आहे. आपणही मोजावा.

हौस जरूर करावी. शेतकऱ्यानं फक्त राबावं आणि मरावं, असं कुठं लिहिलेलं नाही. पण ज्याच्यासाठी हौस करायची ते माणूस आहे तोवर त्याला देवाला नेऊन आणा. गाडी कुणाची आहे, हे देव विचारत नाही. आबांना मी हे वेळेवर सांगू शकलो नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे.

आज रात्री जेवणं झाल्यावर वही घ्या, घरातल्या सगळ्यांना बसवा, बायकांनाही, आणि एकदा बेरीज करा. शोरूम काही पळून जात नाही.